कुसुमताईंची मंगळवारची फेरी

कुसुमताई मेश्राम कोट काढत नसत. नेवार्कच्या त्या क्लिनिकमध्ये हिवाळ्यात हीटर इतका तापायचा की आम्ही बाकीचे बाह्या वर करून बसायचो, पण कुसुमताईंच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचा तपकिरी कोट असायचाच. एका खिशात गाडीच्या किल्ल्या, दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. कोणाचं रक्त घ्यायचं असलं की तेवढ्यापुरता खुंटीला लावायच्या आणि पट्टी चिकटवून झाली की पुन्हा चढवायच्या. डबासुद्धा खिडकीशी उभ्यानेच खायच्या, एक डोळा पार्किंग लॉटवर ठेवून. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कोट काढला की माणूस बसतो. बसला की फोन वाजतो. मग माझी फेरी चुकते."

फेरी म्हणजे पेशंटना घरून आणायची आणि परत सोडायची फेरी. ते काम नर्सचं नव्हतं. त्यांनी ते स्वतःवर ओढून घेतलं होतं आणि नंतर कोणाला ते काढून घेता आलं नाही.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत. माझा नवरा अनिल पार्सिपनीत एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. मी त्याच्या व्हिसावर आलेली, नोकरी करायची परवानगी नाही, मूल नाही, दुपारभर अपार्टमेंटच्या खिडकीतून बर्फ बघत बसायचं. लायब्ररीत एक कागद लावलेला दिसला: एका क्लिनिकला हिंदी आणि गुजराती बोलणारे स्वयंसेवक हवेत. मी बडोद्याची, दोन्ही भाषा येतात. फोन केला, गेले. तिथे गेल्यावर कळलं की क्लिनिक एचआयव्हीचं आहे. तसंच परत फिरावं असं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात समोरून कोट घातलेल्या एक बुटक्या, पन्नाशीला टेकलेल्या बाई आल्या. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "गाडी चालवता येते का?"

"येते. पण मी भाषांतरासाठी..."

"गुजराती नंतर बघू. तीन बाया बसस्टॉपवर थंडीत उभ्या आहेत. चल."

त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि स्वतः कोणाकडून तरी मागून घेतलेल्या दुसऱ्या गाडीकडे निघूनही गेल्या. मी मुकाट्याने बसस्टॉपवर गेले. एवढी घाई त्यांनी केली नसती तर मी बहुधा परत गेले असते.

कुसुमताई नागपूरच्या. नर्सिंग करून सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आल्या, तेव्हा इथल्या हॉस्पिटलांना परदेशी नर्सेस हव्या होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. राहायच्या नेवार्कमध्येच, दोन खोल्यांत. ओळखीचे सगळे मराठी लोक एडिसनला, पार्सिपनीला मोठ्या घरांत गेले, पण त्या हलल्या नाहीत. घरात बुद्धाची एक हातभर मूर्ती आणि भिंतीवर शहराच्या बसमार्गांचा नकाशा, त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा.

त्या नकाशाची गोष्ट मला बर्निसने सांगितली. बर्निस ही क्लिनिकमधली दुसरी महत्त्वाची बाई. उंच, काळी, चर्चमध्ये गाणारी, आणि स्वतः एचआयव्ही पॉझिटिव्ह. तीन वर्षं डॉक्टर तिला दम्याचं औषध देत होते. "रोगाच्या पोस्टरवर गोरे तरुण असायचे," ती म्हणायची. "माझ्यासारखं कोणी नव्हतं. मला वाटलं, हा काही माझा रोग नाही. डॉक्टरलाही तसंच वाटलं." निदान झाल्यावर तिला ज्या मदतकेंद्राचा पत्ता दिला ते उपनगरात होतं, दोन बस बदलून जायचं, आणि पाचला बंद. ती कामावरून सुटायची साडेचारला. कुसुमताईंनी तिच्याबरोबर एकदा त्या दोन्ही बसने प्रवास केला. पोचल्या तेव्हा दाराला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी कुसुमताई नकाशा घेऊन आल्या. कोणती पेशंट कुठे राहते, तिला किती बस बदलाव्या लागतात, याच्या खुणा केल्या आणि क्लिनिकच्या मुख्य डॉक्टरांच्या टेबलावर पसरला. डॉक्टर म्हणाले, गाडीसाठी तरतूद नाही. कुसुमताई म्हणाल्या, "गाडी माझी आहे. मंगळवारची सुट्टी द्या."

अशी फेरी सुरू झाली. आणि बर्निसच्या चर्चच्या तळघरात मंगळवारची बैठक. पाद्रीबाबांची अट होती, दारावर रोगाचं नाव लिहायचं नाही. म्हणून पाटीवर फक्त 'मंगळवारची महिला बैठक'. बर्निसला त्याचा राग होता. कुसुमताई म्हणाल्या, "पाटीवर काही का लिहिनात. आत जागा गरम आहे आणि दार सातपर्यंत उघडं आहे." तिथे भात आणि चिकन असे, औषधांबद्दल बोलणं असे, रडणं असे, आणि हसणं तर इतकं असे की पहिल्या दिवशी मला ते विचित्र वाटलं. बहुतेक बाया काळ्या, काही हैतीहून आलेल्या, त्यांच्यासाठी एक फ्रेंच समजणारी मुलगी. आपल्याकडची मात्र एकही बाई नव्हती.

"आपल्यात हा रोग नाही का?" मी भाबडेपणाने विचारलं.

"आपल्यात आहे," कुसुमताई म्हणाल्या. "आपल्यात बोलणं नाही."

त्या वर्षीच्या दिवाळीला मराठी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. कुसुमताई दरवर्षी वाढपाला उभ्या राहायच्या. त्या वर्षी सेक्रेटरींनी त्यांना बाजूला घेतलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, "ताई, या वेळी तुम्ही रजिस्ट्रेशनचं टेबल सांभाळा ना. वाढायला मुली आहेत." कारण कोणी बोललं नाही. कुसुमताई एड्सच्या क्लिनिकमध्ये आहेत हे तोपर्यंत पसरलं होतं. आणि त्याखाली दुसरं जुनं कारणही होतं. मीच एका काकूंना विचारताना ऐकलं होतं, "मेश्राम म्हणजे नेमके कुठले हो?" तेव्हा कुसुमताईंनी शांतपणे सांगितलं होतं, "नागपूरचे. आणि तुम्हाला जे विचारायचं आहे, त्याचं उत्तर हो."

त्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला कार्यक्रमाची पत्रिका दिली. प्रत्येक पत्रिकेत एक चिठ्ठी होती, त्यांच्या हस्ताक्षरातली, झेरॉक्स काढून पिशवीतून आणलेली: एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर या नंबरवर फोन करा. मराठीत बोला. नाव सांगावं लागत नाही.

अर्ध्या तासात सगळीकडे कुजबुज. सेक्रेटरी लाल चेहऱ्याने आले. "कुसुमताई, दिवाळीच्या दिवशी हे काय?"

"दिवाळीलाच सगळे येता ना. एरवी कुठे सापडता?"

मी त्या वेळी स्वयंपाकघराच्या बाजूला पुऱ्या मोजून ठेवत होते. सेक्रेटरींच्या बायकोने मला विचारलं, "तू पण जातेस म्हणे त्यांच्याबरोबर तिथे?" चारपाच बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "छे हो. मी फक्त एकदा भाषांतराला गेले होते." बोलून वळले तर कुसुमताई मागे उभ्या, हातात ताटांची चळत. त्यांनी ताटं टेबलावर ठेवली, एक खाली घसरत होतं ते नीट केलं आणि निघून गेल्या. मंगळवारी मी भीतभीत क्लिनिकला गेले. त्यांनी नेहमीसारख्या किल्ल्या दिल्या. "आज चार जणी आहेत. पुढचं चाक बघून घे, हवा कमी वाटते." बाकी काही नाही.

चिठ्ठीमुळे फोन आले. पहिले दोन नुसतेच श्वास ऐकू येऊन बंद झाले. तिसरा मी उचलला. कुसुमताई फेरीला गेल्या होत्या. एक बाई आधी इंग्रजीत बोलली, मग अडखळत मराठीत. नवऱ्याला न्यूमोनिया झाला म्हणून हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तिथे तपासणीत हे निघालं. मग तिचीही तपासणी केली. तिलाही होतं. आणि ती तीन महिन्यांची गरोदर होती.

तो आवाज मला ओळखू येत होता. पंधरा दिवसांपूर्वी हीच मुलगी माझ्याकडे विरजण मागायला आली होती. आमच्या समोरच्या इमारतीतली शुभांगी. मी "थांब जरा" म्हणाले, आणि आवाजावरून तिनेही मला ओळखलं असावं. फोन बंद झाला.

कुसुमताई आल्यावर मी सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "अनिलला सांगशील?"

"तो माझा नवरा आहे."

"तिची गोष्ट तिची आहे. तुझ्या नवऱ्याची नाही. शब्द दे, नाहीतर उद्यापासून येऊ नको." मी शब्द दिला. मग त्या म्हणाल्या, "आता जाऊन दार वाजव. विरजण परत मागायला."

शुभांगीने दार उघडलं आणि मला बघून ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. नितीन, तिचा नवरा, अजून हॉस्पिटलमध्ये होता. त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज चालू होता, आणि ग्रीन कार्डासाठी एचआयव्हीची तपासणी सक्तीची होती. पॉझिटिव्ह निघालं की अर्ज नाकारायचे. ओळखीच्या एका मराठी डॉक्टरांनी सल्ला दिला होता, मूल पाडा आणि गुपचूप भारतात निघून जा. ते वाईट नव्हते, घाबरले होते. पण भारतात तेव्हा एचआयव्हीची औषधं सामान्य माणसाला मिळत नव्हती. निघून जा याचा अर्थ शुभांगीला कळत होता.

मी क्लिनिकचं सांगितलं. ती म्हणाली, "नेवार्कला? तिथे सगळे काळे लोक असतात ना गं? मला भीती वाटते." मी तेच जाऊन कुसुमताईंना सांगितलं. त्या संध्याकाळी पाचला स्वतः पार्सिपनीला आल्या, शुभांगीच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"भीती वाटते ना?"

शुभांगीने मान हलवली.

"वाटू दे. गाडीत बसून वाटू दे. काय विचार करून राहिली तू? पोट थांबणार नाही तुझ्यासाठी."

गरोदरपणात एक औषध घेतलं तर बाळाला लागण होण्याची शक्यता बरीच कमी होते, हे तेव्हा नुकतंच समजलं होतं. कुसुमताईंनी ते गाडीत, गाडी चालवतच तिला सांगितलं. क्लिनिकमध्ये फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबरची, म्हणजे इथल्या सरकारी ओळख क्रमांकाची, चौकट होती. शुभांगीकडे नंबर नव्हता. ती पुन्हा उठून निघाली. बर्निसने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "हनी, ही चौकट रिकामी ठेवता येते. कोणी तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. माझ्या वेळेला मलाही कोणी सांगितलं नव्हतं." आणि पेन तिच्या हातात दिलं.

त्या मंगळवारपासून शुभांगी बैठकीला यायला लागली. पहिले काही आठवडे ती दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसायची. मग एकदा बर्निसने सगळ्यांसमोर जाहीर केलं की या मुलीला मळमळ होते आहे, चिकनचा वास दुसरीकडे न्या. पुढच्या वेळेपासून तिच्यासाठी नुसता भात आणि लिंबू वेगळं काढून ठेवलेलं असायचं. हैतीची एक बाई तिच्या पायांना तेल लावायची. मे महिन्यात त्या सगळ्यांनी तळघरातच तिची ओटी भरली. नारळ मी आणला. बाकी काय करायचं ते बर्निसला सांगितलं तर ती म्हणाली, फळं आणि कापड एवढंच ना, आणि गाणं कोणतं म्हणायचं ते आम्ही ठरवू.

जूनमध्ये एका सकाळी शुभांगीला कळा सुरू झाल्या. नितीन इतका थकलेला होता की त्याला सोफ्यावरून उठवत नव्हतं. मी आणि कुसुमताई हॉस्पिटलमध्ये नेऊन बाहेर थांबलो. तासन् तास गेले. कुसुमताई कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. मला ते सहन होईना. दिवाळीपासून मनात अडकलेलं होतं ते मी बोलून टाकलं. "कुसुमताई, त्या दिवशी मी नाही म्हणाले. तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"मग काही बोलला का नाहीत?"

त्या थांबल्या. "मंगळवारी गाडी कोणी चालवली असती? बोलले असते तर तू आली नसतीस." मग पुन्हा चालायला लागून, "राग आला होता. फार आला होता. पण रागाला माझ्याकडे मंगळवार रिकामा नव्हता."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही.

मुलगी झाली. तिचं नाव सई. बाळाची पक्की तपासणी व्हायला दीड वर्ष थांबावं लागायचं, आईच्या रक्तातल्या खुणा बाळात तेवढे दिवस राहतात म्हणून. ते दीड वर्ष कसं गेलं ते सांगणं अवघड आहे. सई शिंकली तरी शुभांगी कुसुमताईंना फोन करायची. कुसुमताई म्हणायच्या, "शिंकली तर नाक पूस." आणि फोन ठेवून स्वतःच गाडी काढून बघायला यायच्या. त्या हिवाळ्यात नितीन गेला. नवीन औषधं बाजारात यायला काही महिनेच राहिले होते. त्याच्या अंत्यविधीला मंडळातली मोजकी माणसं आली, न्यूमोनिया म्हणाली, आणि गेली. त्याच्याबरोबर शुभांगीचा व्हिसाही संपला असता. कुसुमताईंनी फी न घेणारा एक वकील शोधला, विद्यार्थी व्हिसासाठी तिला कॉलेजात प्रवेश मिळवून दिला, मग प्रोग्रामिंगची नोकरी. सई आमच्याकडे असायची. अनिल तिला खांद्यावर बसवून पार्किंग लॉटभर फिरवायचा. शुभांगी शुक्रवारी आमच्याकडे जेवायची. अनिलला काहीच माहीत नव्हतं.

सईचा निकाल चांगला आला. ते कळलं तेव्हा कुसुमताई क्लिनिकच्या जिन्यात होत्या. तिथेच पायरीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. बर्निस त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. तोपर्यंत नवीन गोळ्या आल्या होत्या आणि बर्निस, जिच्याबद्दल आम्ही सगळ्यांनी मनात धरलं होतं की फार दिवस नाहीत, ती वजन वाढवून पुन्हा चर्चमध्ये गायला लागली होती. तिने आपल्या अंत्यविधीला कोणती गाणी म्हणायची ती आधीच कुसुमताईंकडे लिहून दिली होती.

नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये, एका सोमवारी, कुसुमताई पेशंटची यादी तपासताना खुर्चीला धरून उभ्या राहिल्या, आणि पडल्या. मेंदूतला रक्तस्राव. दोन दिवसांनी गेल्या. चोपन्न वर्षांच्या होत्या. स्वतःचा रक्तदाब त्यांनी कधी मोजून घेतला होता की नाही, कोणालाच माहीत नव्हतं.

फ्युनरल होम नेवार्कमध्येच होतं. एका बाजूला तळघरातल्या बाया, चांगल्या टोप्या घालून. दुसऱ्या बाजूला एडिसनहून आलेली नागपूरची पाचसहा बौद्ध कुटुंबं आणि मंडळातले थोडे लोक, सेक्रेटरीसुद्धा. नागपूरच्या लोकांनी त्रिसरण आणि पंचशील म्हटलं. मग बर्निस उठली. गाणं म्हणेल असं वाटलं. ती शवपेटीकडे बघून रागाने म्हणाली, "आमचं ठरलं होतं. मला पोचवायला ही येणार होती. माझा कागद हिच्याकडे आहे." आणि खाली बसली. कोणालाच पुढे काय करावं कळेना.

तेव्हा शुभांगी उभी राहिली. सई तिच्या कुशीला, पावणेचार वर्षांची. शुभांगी आधी इंग्रजीत बोलली, मग आमच्या बाजूला वळून मराठीत. "मी कुसुमताईंची पेशंट. मला एचआयव्ही आहे. नितीनला होता. तो न्यूमोनिया नव्हता. सईला नाही, ते यांच्यामुळे." एवढंच. तिच्या व्हिसाचं, नोकरीचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला, तिच्याही आला असणार. आमच्या बाजूला कोणी हललं नाही. पलीकडच्या बाया एकेक करून उठल्या आणि तिच्याभोवती उभ्या राहिल्या.

सकाळी आमच्याच गाडीतून आलेल्या सई आणि शुभांगी परत येताना बर्निसबरोबर थांबल्या. अनिल गाडी चालवत होता. पार्सिपनीचं वळण आलं तेव्हा म्हणाला, "तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो. कुसुमताईंनी शब्द घेतला होता."

"साडेचार वर्षं."

"हो."

गाडी आमच्या जागेवर लावून त्याने इंजिन बंद केलं. "मला सांगितलं असतंस, तर मी तिला घरात येऊ दिलं असतं का?"

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग स्वतःच म्हणाला, "नसतं दिलं. सईलाही नसतं घेतलं."

दुपारचे तीन वाजले होते. समोरच्या इमारतीपाशी शाळेच्या बसमधून मुलं उतरत होती. अनिलने घड्याळ बघितलं. "त्या तिथून कशा येणार? बर्निसकडे गाडी आहे?"

"नाही."

त्याने इंजिन पुन्हा सुरू केलं.